गैरसमज नव्हता

दवनीवाडा
२ जुलै २०२५

श्री. भूपेंद्र उईके सर यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवस झाले, तुमचा फोन लागत नाही. शाळेच्या गटातूनही तुम्ही बाहेर पडलात. कार्यालयात विचारलं तर बाबू म्हणाले की चिचगडच्या पुढे जंगलात जी शाळा तुम्हाला दिली आहे तिथे रेंजच नाही, पत्र टाका, आठवड्यातून दोनदा टपाल जाते. म्हणून हे पत्र.

शाळा तेवीस तारखेला उघडली. चार वर्ग, एकतीस मुलं आणि मी एकटी. तुमच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. पहिली-दुसरी ओसरीत बसवते, तिसरी-चौथी आत. एकीकडे पाढे म्हणायला लावून दुसरीकडे जाते, तोवर पाढे बंद पडून मारामारी सुरू झालेली असते. घरी गेल्यावर पाय बादलीत घालून बसते.

मुलं रोज तुमचं नाव काढतात. सगळ्यांत जास्त चौथीची रुची. शाळा समितीच्या अध्यक्षांची, आपल्या हिरालालजींची ती नात. ज्या अर्जामुळे तुमची बदली झाली, चौकशी लागली, त्यावर तिच्याच आजोबाची सही आहे, हे तिला घरी कुणी सांगितलेलं दिसत नाही. "उईके सर कायले गेले?" असं तिनं मला भर वर्गात विचारलं. मी म्हटलं, सरकारी नोकरीत बदली होतेच.

आता कामाचं लिहिते. शाळेचा टॅब कपाटात आहे, पण तो उघडायचा आकडा मला माहीत नाही. तुम्ही मुलांना जे धडे दाखवत होतात ते त्यात आहेत, की तुमच्या मोबाईलमध्ये होते? चार वर्ग एकटीनं सांभाळायचे तर एका वर्गाला काहीतरी लावून द्यावंच लागेल. मला यातलं काही येत नाही, हे तुम्ही जाणताच.

निघताना तुम्ही माझ्या पाया पडलात. म्हणालात, "अख्ख्या गावात एक तुम्हीच माझ्या बाजूनं होता मॅडम." त्या दिवशी मला काही बोलता आलं नाही. घसा धरला होता.

तब्येतीला जपा. आई सोबत आहेत ना? त्यांना नमस्कार सांगा.

आपली,
शामकला टेंभरे
मुख्याध्यापिका


१९ जुलै २०२५

भूपेंद्र सर,

पोस्टकार्ड मिळालं. तुम्ही इतक्या लवकर उत्तर द्याल असं वाटलं नव्हतं. आकडा बरोबर निघाला, टॅब उघडला.

खरं सांगायचं तर उघडला रुचीनं. मी दाबलं की तो भलतीकडेच जायचा. ती म्हणाली, "मॅडम, बोट आस्ते ठेवा. तो काई पळून नाई जाऊन राहिला." चौथीची पोर मला शिकवत होती आणि बाकीची खाली बसून मजा पाहत होती. पण बाई शिकली. पुस्तकाच्या पानावर तो काळ्या चौकटीचा ठसा असतो, त्याच्यावर कॅमेरा धरला की धडा उघडतो, हे मला आता येतं. कॅमेरा सरळ धरायचा असतो आणि पानावर आपली सावली पडू द्यायची नसते. तीन वर्षं ती पुस्तकं माझ्या हातात आहेत, आणि मला वाटायचं तो छपाईचा शिक्का आहे.

शाळेच्या गावापेक्षा दवनीवाड्याला माझ्या घरी रेंज चांगली येते, म्हणून आता संध्याकाळी धडे मी घरीच शोधते. सर, हे सोपं नाही. 'भागाकार' लिहून शोधलं. पहिला व्हिडिओ निघाला स्पर्धा परीक्षेच्या क्लासचा. दुसऱ्यात एक ससा नाचतो, नाचतच राहतो, आणि भागाकार शेवटच्या मिनिटात येतो. तिसरा हिंदीत. चौथ्यातले सर इतके भरभर बोलतात की मलाच दोनदा ऐकावा लागला. पाचवा बरा वाटला म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात लावला, तर मधेच पत्त्यांच्या खेळाची जाहिरात आली आणि आपली मुलं तिलाच टाळ्या वाजवायला लागली. दोन तास शोधून हाती काही नाही. तुम्ही हे रोज कसं करत होतात?

तुम्ही कार्डात लिहिलंत तशी कपाटाच्या खालच्या खणात निळी वही सापडली. मला वाटलं होतं दहा-पंधरा नावं असतील. ही दोनशे पानांची वही निघाली. प्रत्येक धड्याखाली तुमचा शेरा. "आवाज फार जलद, दोनदा थांबवावा." "गव्हाचं उदाहरण आहे, आपल्या मुलांना धानाचं सांगणे." "सातव्या मिनिटाला चुकीचं सांगितलं आहे, घेऊ नये." "चित्रं छान, भाषा पुण्याची. आवाज बंद करून आपण बोलावं." एका ठिकाणी नुसतं, "रुची हसली." तारखा पाहिल्या. काही रविवारच्या आहेत, काही दिवाळीच्या सुटीतल्या. आणि काही शाळेच्या वेळेतल्या, मधल्या सुटीच्या आसपासच्या. म्हणजे तुम्ही खुर्चीवर मोबाईल घेऊन बसायचात तेव्हा हे चालायचं.

अर्धीच वही वाचून झाली आहे. धानाची रोवणी चालू असल्यानं मुलं कमी येतात, त्यामुळे जरा सवड मिळते.

हिरालालजींबद्दल तुम्ही कार्डात जे लिहिलंत ते वाचलं. तुमचा राग मी समजू शकते. पण जाऊ द्या. त्यांना कुणीतरी भरीस घातलं असेल.

आपली,
शामकला टेंभरे


९ ऑगस्ट २०२५

भूपेंद्र सर,

वही वाचून झाली. शेवटच्या पानांत एक शेरा आहे, तो तुमच्या लक्षात असेल की नाही ठाऊक नाही. जसाच्या तसा उतरवते.

"भागाकार, तिसरी. अकरा व्हिडिओ पाहिले. एकही घ्यायचा नाही. मॅडम धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या जुड्या वाटून शिकवतात तेच चांगलं, मुलं विसरत नाहीत. मॅडमना विचारून त्यांचाच धडा मोबाईलवर घ्यावा. विचारायची हिंमत होत नाही."

खाली तारीख आहे, १७ जानेवारी.

तुमच्याविरुद्धच्या अर्जावर तारीख आहे २१ जानेवारी. तो अर्ज मी लिहिला.

कार्यालयातून तुम्हाला जी प्रत मिळाली ती टाइप केलेली होती, म्हणून अक्षर ओळखू आलं नसेल. मूळ मजकूर माझ्या हातचा आहे. गोंदियाला जाऊन टाइप मीच करून आणला. त्यात लिहिलं, शालेय वेळेत मोबाईल पाहतात, अभ्यासाऐवजी मुलांना व्हिडिओ दाखवतात, गावात नाराजी आहे. गावात काही नाराजी नव्हती. नाराज मी होते. हिरालालजींनी खाली सही केली.

का, असं तुम्ही विचाराल. मागच्या डिसेंबरात आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांची बैठक झाली, आठवते? तीस-बत्तीस शिक्षक होते. केंद्रप्रमुख साहेबांनी प्रत्येकाला पुस्तकातला एक धडा मोबाईलवर उघडून दाखवायला सांगितलं. माझी पाळी आली. मी मोबाईल उलटा धरला होता. पुढच्या बाकावरचे हसले. तेव्हा तुम्ही मागून उठून आलात, माझ्या हातातून मोबाईल घेतलात, दोन बोटांत धडा उघडून दिलात आणि हळूच म्हणालात, "होऊन जाते मॅडम." साहेब म्हणाले, उईके सरांकडून शिकून घ्या. तुम्ही मदतच केली होती. पण मला तेव्हा ती मदत वाटली नाही. बत्तीस वर्षं मी या तालुक्यात शिकवते आहे. पुढच्या बाकावर हसणाऱ्यांपैकी एक माझाच विद्यार्थी होता.

त्यानंतर मी रोज पाहायला लागले. मधल्या सुटीत मुलं तुमच्याभोवती गोळा व्हायची. माझ्या वर्गातली मुलंसुद्धा खिडकीतून तुमच्या वर्गात बघायची. मला वाटायचं, हा माणूस एक काच हातात धरून बसतो आणि मुलं त्याची, आणि मी घसा फोडून शिकवते तर मी कुणी नाही. तुम्ही काय पाहता, हे एकदाही येऊन विचारलं नाही. पंधरा पावलांचं अंतर होतं.

तुम्ही माझ्या पाया पडलात त्या दिवशी माझा घसा काही धरला नव्हता.

हे फोनवर मला सांगता आलं नसतं. तुमचा आवाज ऐकून मी पुन्हा खोटं बोलले असते.

शामकला टेंभरे


२ सप्टेंबर २०२५

भूपेंद्र सर,

उत्तर नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी टपाल यायच्या वेळेला मी दारात असते.

चौकशीची नोटीस मला मिळाली. आठ ऑक्टोबरला गोंदियाला जबाब. तुम्हालाही आली असेल. त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. मागच्या पत्रात ती राहून गेली असं लिहिणार होते. राहून गेली नव्हती. मी ती ठेवून घेतली होती.

हिरालालजींना त्या कागदावर काय आहे ते माहीत नव्हतं.

शाळेचं छत गळतं, पत्रे बदलायचा अर्ज आहे, असं मी त्यांना सांगितलं. ते शेतावरून आले होते, चष्मा घरी होता. म्हणाले, तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असंल. सही केली. फेब्रुवारीत विस्तार अधिकारी गावात आले तेव्हा त्यांनी हिरालालजींना एकच प्रश्न विचारला, ही सही तुमचीच का? ते हो म्हणाले. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. हो म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते. मी रजिस्टर चाळत राहिले.

गावाची गत तुम्हाला ठाऊक आहे. ज्या मास्तरानं पोरांना वाचायला लावलं त्याला या माणसानं घालवलं, म्हणून लोक त्यांना रामराम करेनासे झाले. जाताना तुम्हीही त्यांच्या अंगणात उभे राहून बोललात, की तुमच्या नातीला वाचता येऊ लागलं हाच माझा गुन्हा झाला. ते खाली मान घालून ऐकत होते. यंदा पंधरा ऑगस्टला झेंड्याला आले नाहीत. अध्यक्ष असून.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. रुचीला बाहेर पाठवलं आणि सगळं सांगितलं. ते खाटेवर बसून चप्पल शिवत होते, शिवतच राहिले. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "मले मालूम हाये मॅडम. साहेब आले त्याच दिवशी समजलं. मी वाट पाहून राहिलो होतो, तुमी कवा सांगता."

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीत?

ते म्हणाले, "तुमी माझे दोन्ही पोट्टे शिकवले. चारचौघांत तुमाले खोटं कसं पाडू? अन् मी बिना वाचता सही केली हे तरी कोन्या तोंडानं सांगू?"

माझं नाव वाचवायला त्या माणसानं सात महिने गावाची बोलणी खाल्ली. मी त्यांच्या समोरून रोज स्कूटीवर जात होते.

उठताना त्यांनी विचारलं, गोंदियाला कोणत्या गाडीनं जायचं. म्हणजे ते येणार आहेत.

मी जबाबात काय सांगणार ते तुम्हाला आधी कळवून तुमच्यावर उपकार करावा, असा हेतू नाही. तुम्ही त्यांच्यावर रागावला आहात, तो राग चुकीच्या दारात आहे, एवढंच कळवायचं होतं.

शामकला टेंभरे


१२ ऑक्टोबर २०२५

भूपेंद्र सर,

आठ तारखेला आपण एकाच ओसरीत दोन तास बसलो होतो. तुम्ही पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर, मी आणि हिरालालजी जिन्याजवळ. तुम्ही एकदा पाहिलंत आणि मान फिरवलीत. पण त्या दिवशीच्या दोन गोष्टी तुम्हाला दिसल्या नाहीत, त्या लिहिते.

पहिली आतली. माझा जबाब सुरू झाला तेव्हा मी निळी वही टेबलावर ठेवली. म्हटलं, सर वर्गात मोबाईलवर काय पाहत होते ते यात आहे. चौकशी अधिकाऱ्यांनी आधी चार पानं उलटली, मग चष्मा लावून नीट वाचायला लागले. बराच वेळ वाचत होते. मग मी अर्जाचं सांगितलं. कुणी लिहिला, कुणी टाइप करून आणला, सही कशी घेतली. लिहून घेणाऱ्या बाईंचा हात थांबला.

अधिकारी माणूस चांगला. त्यांनी लिहिणं थांबवायला सांगितलं आणि मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली. गैरसमजातून अर्ज झाला असं लिहू या. सरांचंही काम होईल, तुमचंही निभावेल."

सर, त्या क्षणी मला ते हवं होतं. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. जिभेवर 'हो' आलंच होतं. तेवढ्यात दारातून हिरालालजी दिसले. बाकावर ताठ बसले होते, धुतलेला सदरा घालून, हातात चष्म्याची डबी. या वेळी चष्मा विसरले नव्हते.

मी म्हटलं, "साहेब, गैरसमज नव्हता. मला सगळं नीट समजत होतं. तसंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. मी पूर्ण वाचलं आणि मग सही केली.

दुसरी गोष्ट बाहेरची. तुम्हाला आत बोलावलं तेव्हा तुमच्या आई, जमुनाबाई, एकट्या राहिल्या. मला पाहून उठल्या आणि जवळ आल्या. माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, माझ्या पोरासाठी एवढ्या दूर आलात, कोणी येत नाही. म्हणजे तुम्ही घरी सांगितलंच नव्हतं. दोन महिने माझं पत्र तुमच्याजवळ होतं आणि तुम्ही आईला सांगितलं नाही. का, ते मी विचारणार नाही.

मीच सांगितलं. उभ्याउभ्याच, त्यांचे हात माझ्या हातात होते तेव्हाच. त्यांना पटकन कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

जमुनाबाईंनी हात सोडले. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहून फक्त म्हणाल्या, "काऊन?"

का केलं म्हणून तुम्हाला मी केंद्राच्या बैठकीचं लिहिलं होतं, हसणाऱ्यांचं लिहिलं होतं. त्या वेळी ते सगळं आठवलं आणि त्यातलं काहीच त्यांना सांगण्यासारखं वाटलं नाही. त्या जाऊन टाकीजवळ बसल्या. मग तुम्ही बाहेर आलात.

परतीच्या गाडीत हिरालालजी दवनीवाडा येईपर्यंत शेतातल्या किडीबद्दल बोलत राहिले. मला बोलावं लागू नये म्हणून.

शामकला टेंभरे


७ डिसेंबर २०२५

भूपेंद्र सर,

परवा तुमच्यासमोर बसले होते तरी बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद घेतला.

आधी इकडची खबर. तुमची चौकशी बंद झाल्याचा कागद शाळेतही आला. हिरालालजींनी तो चावडीवर स्वतः वाचून दाखवला, अडखळत, पण पूर्ण. आता लोक त्यांना रामराम करतात. माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते तुमच्या कानावर येईलच. काही पालकांनी बोलणं टाकलं आहे. त्यांचं बरोबर आहे. सेवापुस्तकात ठपका आला आणि मुख्याध्यापकाचा कारभार काढून घेतला. टीना राहांगडाले म्हणून नव्या मॅडम आल्या आहेत, तिशीच्या. त्या माझ्या खुर्चीवर बसायला लाजत होत्या. मी म्हटलं बसा, मला तिसरी-चौथी द्या.

तुम्हाला इथे परत यायची मुभा मिळाली होती आणि तुम्ही हे वर्ष तिथेच राहतो असं लिहून दिलंत, हे मला कार्यालयातून कळलं. त्यानंतर तुमचं ते कार्ड आलं. वर नाव नाही, खाली सही नाही. "पहिलीसाठी मोजणी आणि गोष्टी. गोंडी मिळाल्यास फार चांगलं. छोटे. जाहिरात नको. मेमरी कार्डवर पाठवणे, इथे नेट नाही." ते कार्ड मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुम्ही लिहिलं म्हणून नव्हे, काम सांगितलं म्हणून.

बारा दिवस शोधलं. गोंडीत फार थोडं आहे. एका ठिकाणी वीस मिनिटांचं गाणं, एका ठिकाणी भाषण. शेवटी पलीकडच्या राज्यातल्या एका शिक्षकानं केलेली मोजणी सापडली. मागे कोंबड्यांचा आवाज आहे, पण मुलं गोड आहेत. मला काही कळत नव्हतं, तरी मी ती शेवटपर्यंत तीनदा पाहिली. ती आणि आणखी सात धडे कार्डवर घेतले. टपालात कार्ड हरवेल अशी स्वतःची समजूत घातली आणि एसटीत बसले. खरं म्हणजे मला यायचं होतं.

तुम्ही दारात मला पाहून 'या' म्हणालात आणि परत फळ्याकडे वळलात. मी मागे मुलांत जाऊन बसले. तासभर तुम्ही गोंडीत शिकवत होतात आणि मला एक शब्द कळत नव्हता. शेजारची मुलगी हसली की मी हसत होते, तिनं पाटी उचलली की उचलायला काही नाही म्हणून हात मांडीवर ठेवत होते. तासाभरात मला इतकं थकायला झालं. तेव्हा माझ्याकडे पहिलीत येऊन, सरकारी मराठी ऐकत वर्षभर गप्प बसलेली कितीतरी मुलं डोळ्यांसमोर आली. मी त्यांना मंद म्हणत असे. काहींना तसं तोंडावर म्हटलं आहे.

मग तुम्ही ती मोजणी लावलीत आणि मुलं खो खो हसायला लागली. मला वाटलं काहीतरी भलतंच आणलं. तुम्ही सांगितलंत, ते शब्द पलीकडचे आहेत, मुलं म्हणतात आमची आजी असं बोलत नाही. मी ओशाळले. पण तुम्ही त्यांनाच विचारलंत, मग तुमची आजी कशी मोजते? तेव्हा एकेक उभा राहून मोजायला लागला, आणि तुम्ही टॅब माझ्या हातात देऊन म्हणालात, घ्या, हेच रेकॉर्ड करा. पहिली दोन मुलं तिरपी आली असतील.

जमुनाबाईंनी जेवायला बसवलं. भात संपल्यावर त्यांनी विचारलं नाही, सरळ पुन्हा वाढला. मला भूक नव्हती, मी ताट पुसून खाल्लं.

गाडीच्या थांब्यावर तुम्ही जे बोललात ते विसरले नाही. "राग हाये मॅडम. आई जेऊ घालते तो तिचा सवाल. माझा राग जाईल का नाई, मले सांगता येत नाई." मी म्हटलं, नका सांगू. तेवढ्यात गाडीचा आवाज आला आणि तुम्ही खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिलात. दुसरीचं वाचन, तिसरीचं गणित, परिसर. म्हणालात, "हे जानेवारीपर्यंत पायजे. अन् तुमी स्वतः पाहून मंगच पाठवा. कोनाले सांगू नका पाहाले."

गाडीत बसल्यावर तो कागद उघडला. दोन्ही बाजूंनी भरलेला आहे.

सर, मला तुमच्याकडून याहून जास्त काही नको. आज रविवार, सकाळपासून बसले आहे. परिसरचा एकही पसंत पडला नाही, सगळ्यांत समुद्र आहे. आपल्या मुलांनी तलाव पाहिला आहे. टीना मॅडम म्हणतात, आपणच बोदलकसाच्या तलावावर जाऊन करू या एक. पुढच्या रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत.

वाचनाचे चार चांगले मिळाले. ते आधी पाठवते. कार्ड पोचलं की 'पोचलं' एवढंच लिहा.

शामकला टेंभरे
सहायक शिक्षिका